नावाडी, वाहक आणि मोडलेली सायकल

२०१६ साली नेदरलँड्समधल्या व्हॅनमूफ या सायकल कंपनीने आपल्या खोक्यांवर टीव्हीचे चित्र छापायला सुरुवात केली. आत असायची सायकलच. अमेरिकेतल्या ग्राहकांना पाठवलेल्या सायकली वाटेत आपटून, वाकून पोचत होत्या आणि दुरुस्तीचा भुर्दंड कंपनीला बसत होता. मग लक्षात आले की सायकलीचे खोके आणि मोठ्या सपाट टीव्हीचे खोके आकाराने बरीचशी सारखी दिसतात. चित्र छापले गेले आणि कंपनीच्या सांगण्यानुसार मोडतोड ७० ते ८० टक्क्यांनी घटली.

सायकलवाल्यांच्या गप्पांत हा किस्सा हसण्यासाठी सांगतात. पण त्यातून एक गंभीर गोष्ट आपसूक सिद्ध झाली. खोकी उचलणाऱ्यांना ती अलगद ठेवता येत होती. टीव्ही आहे असे वाटल्यावर ते ठेवतही होते. म्हणजे आधी जे मोडले ते नशिबाने मोडले नव्हते. आणि नशिबाने मोडले नसेल, तर ज्याचे मोडले त्याने भरपाई मागावी की सोडून द्यावे? (काळजी मिळवण्यासाठी खोटे चित्र छापावे का, हा सत्यवचनी माणसांनी वेगळा सोडवायचा प्रश्न. २०२३ साली कंपनीचे दिवाळे निघाले, पण त्याचा या खोक्यांशी संबंध नाही.)

महाराष्ट्रातही हा प्रश्न आता घराघरात शिरू लागला आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा घातली. दर चार वर्षांनी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही बाराशे किलोमीटरची राइड होते, ती नव्वद तासांत संपवावी लागते, आणि तिला पुण्या-मुंबईकडचे हौशी सायकलस्वार हौसेने जातात. पण परदेशातल्या रस्त्याला चाक लागण्याआधी सायकलीला विमानाच्या पोटातून जावे लागते.

तिची बांधाबांध हाच एक सोहळा असतो. पेडल काढायचे, हँडल वळवून फ्रेमला बांधायचे, चाक सोडवून फोर्कच्या दोन टोकांमध्ये प्लॅस्टिकचा ठोकळा अडकवायचा, फोमच्या नळ्या आणि बबल रॅप गुंडाळायचा आणि सगळे खोक्यात बसवायचे. मग काउंटरवर एक पट्टी पुढे येते, तिच्यावर सही मागतात: वस्तू नाजूक आहे, मोडली तर जबाबदारी आमची नाही. मुक्कामी खोके उघडल्यावर कधी मागचा डिरेलर आत वळलेला असतो, कधी डिस्कचा रोटर वाकलेला, कधी चाकाला आउट आलेला. हे दुरुस्त होते. कार्बनच्या फ्रेमचे तसे नाही. वरच्या रंगावर नखाएवढा ओरखडा दिसतो आणि आतले थर सुटलेले असू शकतात. घाट उतरताना ती फ्रेम टिकेल की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी बघून कुणीच सांगू शकत नाही.

अशा वेळी मराठी घरात दोन आवाज निघतात. एक म्हणतो, “जाऊ दे, वस्तूच ती. हातपाय धड आहेत ना?” दुसरा म्हणतो, “सोडायचे नाही त्यांना.” पहिल्यात संतांचा वारसा ऐकू येतो, दुसऱ्यात कोर्टकचेरीचा वास येतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यामुळे भरपाई मागणारा माणूस वस्तूला चिकटलेला, थोडासा हलकाच ठरतो, आणि सोडून देणारा उदार. ही वाटणी तपासून बघण्यासारखी आहे, कारण ज्या धर्मपरंपरांच्या नावाने ती केली जाते त्या परंपरांनी ती अशी केलेली नाही.

याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात माल वाहणाऱ्याबद्दल एक छोटा, रोखठोक नियम आहे. वाहकाच्या हाती असताना माल नष्ट झाला, आणि तो राजाच्या करणीने किंवा दैवाने झालेला नसला, तर वाहकाने तो भरून द्यावा. त्याच श्लोकाच्या उत्तरार्धात ऐन प्रस्थानाच्या वेळी विघ्न आणणाऱ्याकडून मजुरीच्या दुप्पट वसूल करावे असे सांगितले आहे. उड्डाण रद्द झाल्याची घोषणा ऐकून विमानतळाच्या खुर्चीत रात्र काढलेल्यांना हा अर्धा श्लोक विशेष आवडेल. या स्मृतीवरची मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात लिहिली. पुढे ब्रिटिश अमदानीत मुंबईच्या न्यायालयांत हिंदू कायद्याचा मोठा आधार म्हणून हीच टीका चालली. भरून देण्याघेण्याचा हा व्यवहार धर्माच्या बाहेरचा आहे असे त्या टीकाकाराला कुठेही वाटलेले नाही.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात नावाड्यांची गोष्ट आहे. नावेतले काही नावाड्यांच्या चुकीमुळे मोडले तर सगळ्या नावाड्यांनी मिळून, आपापल्या हिश्शाने भरावे; दैवाने मोडले तर दंड नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जिचे दहन झाले तीच ही स्मृती, आणि नावेचे भाडे कुणाला माफ हे सांगताना तिथेही गरोदर बाई नि संन्यासी यांच्या रांगेत ब्राह्मण विद्यार्थी बसवलेला आहेच. भरपाईच्या श्लोकात मात्र प्रवाशाची जात विचारलेली नाही. त्याहून लक्षात राहते ते ‘सगळ्यांनी मिळून’. कोणा एका नावाड्याला बाजूला काढून त्याच्या डोक्यावर सारे थापायचे नाही. प्रवाशाने नावेकडे मागायचे, नावेने आपसात वाटून घ्यायचे.

आता इंग्लंडात जाऊ. १७८५ साली लॉर्ड मॅन्सफिल्डसमोर एक खटला आला. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या गोण्या एका वाहतूकदाराच्या ताब्यात होत्या. काही अंतरावर आग लागली, ती पसरत आली आणि गोण्या जळाल्या. वाहतूकदाराची काहीच चूक नव्हती, हे सगळ्यांना मान्य होते. तरी मॅन्सफिल्डने त्याला भरपाई द्यायला लावली. इंग्रजी कायद्यात वाहतूकदाराला सुटायला दोनच वाटा होत्या: देवाची करणी किंवा राजाचे शत्रू. वीज पडणे, वादळ येणे ही देवाची करणी. आग माणसाने कुठेतरी लावलेली असते, म्हणून ती देवाच्या खात्यावर टाकता येणार नाही. याज्ञवल्क्याकडे राजा आणि दैव, इंग्रजांकडे देव आणि राजाचे शत्रू. दोन संस्कृतींनी बहुधा एकमेकींना न विचारता जवळपास तीच जोडी काढली. १८९१ साली इरावदी फ्लोटिला कंपनीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने हिंदुस्थानातल्या वाहतूकदारांनाही हाच इंग्रजी नियम लागू असल्याचे ठरवले, तेव्हा त्याचा जुळा भाऊ इथे आधीपासून होता याची आठवण बहुतेक कुणाला झाली नसावी.

चूक नसताना भरायचे कशासाठी? मॅन्सफिल्डचे उत्तर व्यवहारी होते. माल वाहकाच्या ताब्यात असताना मालक तिथे नसतो. काय घडले हे वाहकालाच ठाऊक, आणि मालकाला काही सिद्ध करता येत नाही. विमानतळावर हे अक्षरशः खरे आहे: खोके रबरी पडद्याआड गेले की प्रवाशाला तिकडे पाऊल टाकायची परवानगीच नसते. ते कुणी फेकले, कशाखाली दाबले गेले, पावसात किती वेळ उभे होते, हे त्याला कधीच कळणार नाही. म्हणून या नियमाने दोष आणि जबाबदारी यांची फारकत केली. तुम्ही वाईट आहात असे न म्हणता ‘तुम्ही भरा’ असे म्हणता येते. नैतिक विचाराच्या इतिहासात या फारकतीला मोठी जागा मिळायला हवी होती, पण ती भाड्याच्या पावत्यांमागे बारीक अक्षरांत छापली गेल्याने तत्त्वज्ञांचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही.

मग विमाने आली. १९२९ च्या वॉर्सा करारात कंपनीला एक पळवाट ठेवली होती: आवश्यक ती सगळी काळजी घेतली होती हे दाखवून ती सुटू शकत असे. २८ मे १९९९ रोजी माँट्रियलमध्ये नवा करार झाला, तो २००३ पासून अमलात आला आणि २००९ मध्ये भारतही त्यात सामील झाला. या कराराच्या सतराव्या कलमानुसार चेक-इन केलेले सामान कंपनीच्या ताब्यात असताना बिघडले, तर कंपनी जबाबदार. वस्तूच्या अंगचाच दोष असेल किंवा प्रवाशाचा स्वतःचा हात असेल तेवढीच सूट. वादळाची नाही, विजेची नाही. याज्ञवल्क्यापासून मॅन्सफिल्डपर्यंत वाहकाचा वकील म्हणून उभे राहिलेले दैव या एका कलमात निवृत्त झाले. देवावर श्रद्धा असलेल्या नि नसलेल्या दोघांनीही याची नोंद घ्यायला हरकत नाही: मोडलेल्या सायकलीच्या बाबतीत ‘देवाची मर्जी’ हे उत्तर आता कायद्यालाच चालत नाही.

पण दैव गेले तिथे मर्यादा येऊन बसली. वॉर्सा करारात सामानाची किंमत वजनावर होती, किलोमागे अडीचशे सोन्याचे फ्रँक. पुढे व्यवहारात ती किलोला वीस डॉलरच्या आसपास धरली जाई. सायकलीच्या बाबतीत याच्याइतके उफराटे काही नाही. शर्यतीची सायकल जितकी महाग तितकी हलकी असते. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाला शेवटी ६.८ किलोहून हलकी सायकल शर्यतीत चालणार नाही असा नियम करावा लागला. म्हणजे वजनाच्या हिशेबाने लाखोंच्या कार्बन सायकलीला दूधवाल्याच्या लोखंडी सायकलीच्या निम्मीही भरपाई मिळाली नसती. माँट्रियलने किलो सोडले आणि प्रवासी धरला. दर प्रवाशामागे कमाल रक्कम ठरली, ती आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या ‘एसडीआर’ या हिशेबी एककात मोजतात. सुरुवातीला ती १,००० होती, २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ आहे. रुपयांत साधारण पावणेदोन लाख. भारतातल्या भारतात उडणाऱ्याला मात्र कमाल २०,००० रुपये. पुण्याहून बेंगळुरूला जाताना मोडलेली फ्रेम परदेशी जाताना मोडलेल्या फ्रेमहून इतकी स्वस्त का, याचे समाधानकारक उत्तर कुठल्याही शास्त्रात नाही.

या मर्यादेत दुःखाची किंमत धरायची का? बार्सिलोनाहून पोर्तोला गेलेल्या एका प्रवाशाचे सामान क्लिकएअर कंपनीने हरवले. त्याने ३,२०० युरो मागितले: २,७०० सामानाचे आणि ५०० मनस्तापाचे. ६ मे २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले की मर्यादा एकच आहे, वस्तूचे नुकसान आणि मनाचे नुकसान दोन्ही तिच्यातच बसवा. १६ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच न्यायालयापुढे याहून अवघड गोष्ट आली. २०१९ साली ब्वेनोस आयरेसहून बार्सिलोनाला जाणाऱ्या बाईंची कुत्री विमानात चढवताना सुटली, पळाली आणि पुन्हा सापडली नाही. बाईंनी ५,००० युरो मागितले. न्यायालय म्हणाले, प्राण्यांच्या कल्याणाची काळजी घ्यायलाच हवी, पण या कराराच्या दृष्टीने प्रवाशाबरोबर नेलेला प्राणीही सामानातच मोडतो. कुत्री प्रवासी नव्हे. निकाल कायद्याला धरून आहे आणि तरी वाचणाऱ्याच्या घशाखाली उतरत नाही. त्या पैशांतून कुत्री परत मिळणार नव्हती हे मालकिणीलाही माहीत होते. तिने रकमेच्या भाषेत विचारले, कारण कंपनीला समजणारी दुसरी भाषा उपलब्ध नव्हती.

इथे विरक्तांचे म्हणणे ऐकायला हवे. एपिक्टेटस हा एके काळचा गुलाम, पुढे रोमन काळातला थोर स्टोइक गुरू. त्याचा लोखंडी दिवा चोरीला गेला. तो म्हणाला, उद्या मातीचा आणू. जे आपल्याकडे असते तेच हरवते, आणि चोराने तर दिव्यापायी आपला प्रामाणिकपणा मोजला, सौदा त्यालाच महागात पडला. उत्तर लखलखीत आहे. पुढची गंमत ल्युशिअनने नोंदवून ठेवली: एपिक्टेटसच्या मृत्यूनंतर कुणीतरी त्याचा तो मातीचा दिवा तीन हजार द्राख्मांना विकत घेतला. वस्तूचा मोह सोडा म्हणणाऱ्याची वस्तूच मोहाची झाली.

एपिक्टेटसचे उत्तर दिव्याला लागू पडते. चाकांच्या खुर्चीला लावून बघा. ज्याला खुर्चीशिवाय हलता येत नाही त्याची मापाने बनवलेली खुर्ची विमान कंपनीने मोडली, तर त्याला ‘वस्तूच ती’ म्हणणे हा निव्वळ निर्दयपणा आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या परिवहन खात्याने अमेरिकन एअरलाइन्सला अपंग प्रवाशांना दिलेल्या वागणुकीबद्दल पाच कोटी डॉलरचा दंड केला. त्यात खुर्च्यांच्या मोडतोडीचा मोठा भाग होता. सायकल अर्थातच चाकांची खुर्ची नव्हे. पण वर्षभर पहाटे उठून तयारी केलेल्या माणसाला राइडच्या आदल्या संध्याकाळी वाकलेला फोर्क दिसतो, तेव्हा त्याचे मोडलेले नुसत्या धातूत मोजता येत नाही, एवढे तरी मान्य करावे लागते. विरक्तीचा उपदेश स्वतःला करायचा असतो. दुसऱ्याच्या नुकसानीवर तो केला की त्याची चव बदलते.

हे तुकोबांना नेमके ठाऊक होते. महिपतींनी लिहिलेल्या चरित्रात खतपत्रांची गोष्ट येते. घरची सावकारी होती, लोकांकडून येणे होते, त्याची खते घरात पडून होती. विरक्ती आल्यावर तुकोबा ती इंद्रायणीत बुडवायला निघाले. धाकटे भाऊ कान्होबा म्हणाले, तुम्ही विरक्त झालात, माझ्या संसाराचे काय? तुकोबांनी त्यांना वैराग्याचे व्याख्यान दिले नाही. खतांचे दोन वाटे केले, कान्होबांचा त्यांना दिला आणि फक्त आपला वाटा डोहात सोडला. देहूच्या गोष्टींत गाथा तरल्याचा चमत्कार सगळ्यांना आठवतो. ही वाटणी त्याहून कमी नाही. क्षमा कितीही मोठी असली तरी ती आपल्या हिश्शाइतकीच करता येते.

मोडलेल्या सायकलीत दुसऱ्याचा हिस्सा कुठून आला? पुढच्या विमानाने जाणाऱ्याचा. व्हॅनमूफने खोके बदलले ते मोडतोडीचा खर्च तिच्याच अंगावर पडत होता म्हणून. सिटा या विमानतळ-तंत्रज्ञान कंपनीच्या अहवालांनुसार २००७ साली दर हजार प्रवाशांमागे जवळपास १९ बॅगांच्या बाबतीत काहीतरी घोळ होत होता, २०२३ मध्ये हा आकडा ६.९ वर आला. हे कुणाच्या हृदयपरिवर्तनाने झालेले नाही. घोळाला पैसे पडतात, म्हणून कंपन्यांनी बारकोड, स्कॅनर आणि माग काढणाऱ्या यंत्रणा घेतल्या. प्रत्येक जण उदार होऊन घरी गेला असता तर मोडतोड फुकट झाली असती, आणि फुकट गोष्ट कुणी कमी करत नाही. म्हणून ‘जाऊ दे’ म्हणणाऱ्याने आपला वाटा बुडवला की कान्होबाचाही, हे एकदा विचारून घ्यावे.

तरी एक अडचण राहते आणि ती खरी आहे. कंपनीकडून मागताना मार बसतो तो बहुधा कुणा हमालाला, कंत्राटी लोडरला. ज्यूंच्या तालमुद या धर्मग्रंथात नेमकी हीच गोष्ट आहे. बाबिलोनमधल्या एका विद्वानाच्या हमालांनी त्याचे दारूचे पिंप फोडले. त्याने त्यांची पांघरुणे काढून घेतली. हमाल राव या गुरूकडे गेले. राव म्हणाला, पांघरुणे परत दे. विद्वानाने विचारले, कायदा असा आहे? राव म्हणाला, हो, सज्जनांच्या वाटेने चालायचे असेल तर. मग हमाल म्हणाले, आम्ही गरीब, दिवसभर राबलो, भुकेले आहोत, हातात काही नाही. राव म्हणाला, जा, त्यांची मजुरी दे. हाही कायदा? होय, हाही.

ॲरिस्टॉटलला हे पटले नसते. भरपाईच्या न्यायात माणूस चांगला की वाईट, गरीब की श्रीमंत हे बघायचे नाही, बिघडलेला समतोल तेवढा सावरायचा, असे त्याचे म्हणणे. दोघांचे ऐकले तर मोडलेल्या सायकलीचा गुंता सुटतो. कंपनीकडे ॲरिस्टॉटलप्रमाणे मागावे, हमालाशी रावप्रमाणे वागावे. मनूच्या नावाड्यांनी ‘सगळ्यांनी मिळून’ भरण्यात हीच सोय होती. मात्र ती आज तशीच मिळते असे नाही: कंपनी प्रवाशाला भरपाई देते आणि कंत्राटदार तीच रक्कम लोडरच्या पगारातून कापतो, असे घडले तर पहिल्या न्यायाने दुसऱ्याचा गळा धरला. त्यावर नजर ठेवणे प्रवाशाच्या हातात नसते, सरकारच्या असते.

कॅनडातला गायक डेव्ह कॅरोल याने हा भेद चांगला सांभाळला. ३१ मार्च २००८ रोजी शिकागोच्या विमानतळावर त्याच्या गिटारीची मोडतोड झाली. युनायटेड एअरलाइन्सचे कर्मचारी गिटारी फेकताना मागच्या बाकावरच्या प्रवासी बाईंनी खिडकीतून बघितले होते. गिटार साडेतीन हजार डॉलरची, दुरुस्ती बाराशेची. चोवीस तासांत तक्रार केली नाही या सबबीवर कंपनीने नऊ महिन्यांच्या पत्रापत्रीनंतर नकार दिला. कॅरोलने गाणे रचले आणि ६ जुलै २००९ रोजी यूट्यूबवर टाकले. एका दिवसात दीड लाख लोकांनी ते पाहिले. मग कंपनी पैसे द्यायला तयार झाली, तेव्हा त्याने ते घेतले नाहीत, चांगल्या कामाला द्या म्हणाला. युनायटेडने तीन हजार डॉलर एका जॅझ संगीत संस्थेला दिले. नकार कळवणाऱ्या कर्मचारी बाईंबद्दल मात्र त्याने जाहीरपणे सांगितले की त्या फक्त कंपनीचे धोरण राबवत होत्या. भरपाई मागण्यात पैशाचा लोभ असतोच असे समजणाऱ्यांनी हा क्रम बघावा: आधी हक्क मान्य करून घेणे, मग रक्कम सोडणे. उलट्या क्रमाने सोडली असती तर तिला कुणी विचारलेही नसते.

गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्षांत हाच भेद आणखी मोठ्या मापात दिसतो. १८९३ साली पीटरमॅरित्झबर्गला डब्यातून उतरवल्यावर सकाळी त्यांनी रेल्वेच्या जनरल मॅनेजरला तार केली. तक्रार संस्थेकडे गेली, लेखी, लगेच. १३ जानेवारी १८९७ ला डर्बनमध्ये जमावाने त्यांना मारले, आणि लंडनहून वसाहतमंत्री चेंबरलेनने हल्लेखोरांवर खटले भरण्याची सूचना केली. तेव्हा गांधीजींनी खटला नको असे लिहून दिले. ज्यांनी मारले त्यांना चिथावणारे वर बसलेले आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. संत पॉलनेही करिंथकरांना भावाभावांच्या खटल्यांपेक्षा अन्याय सोसलेला बरा असे कळवले. पण फिलिप्पैत चौकशीविना फटके मारून गुपचूप सोडून द्यायला निघालेल्या अधिकाऱ्यांना तोच म्हणाला, तुम्ही स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्या. माणसाला क्षमा आणि अधिकाराला जाब, ही दोघांची रीत आहे. कंपनी ही क्षमेने सुधारणारी व्यक्ती नाही. तिच्याकडे लाज नसते, हिशेब असतो.

मागणाऱ्यावरही मग एक बंधन येते, आणि बहुतेकांचा धर्म तिथेच डगमगतो. दाव्याच्या कागदावर जुना ओरखडा नवा होतो, तीन वर्षे वापरलेली सायकल कोरी होते, वाकलेल्या हँगरबरोबर अख्खा गिअर सेट बदलण्याचा राहून गेलेला खर्च घुसतो. सगळेच फुगवतात, कंपनी कापणारच आहे, असे समर्थन तयार असते. पण ज्या क्षणी मागणी नुकसानीपलीकडे गेली त्या क्षणी दुसऱ्याचा हिस्सा वाचवण्याचे सगळे बोलणे लबाडी ठरते, कारण फुगवलेले पैसेही पुढच्या प्रवाशाच्या तिकिटातूनच येणार आहेत. माँट्रियल कराराने दंडात्मक भरपाईला जागाच ठेवलेली नाही, ते योग्य केले. राइड चुकली असेल तर नोंदणीची पावती, हॉटेलची पावती जोडून तेवढे मागावे; संताप वेगळा मोजू नये.

काउंटरवरच्या सहीने घाबरून जायचे कारण नाही. कराराच्या सव्विसाव्या कलमानुसार वाहकाची जबाबदारी करारापेक्षा कमी करणारी अट रद्दबातल ठरते; कंपनीला फार तर वस्तूच्या अंगच्या दोषाकडे बोट दाखवता येईल, म्हणून बांधताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवा. मर्यादेहून महाग सायकल असेल तर चेक-इनच्या वेळी जादा आकार भरून किमतीची खास घोषणा करता येते, ती करा. उतरल्यावर खोके विमानतळावरच उघडा, तिथेच तक्रारीचा कागद भरून घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात लेखी तक्रारीची मुदत सामान हाती आल्यापासून सात दिवस, दाव्याची दोन वर्षे. तक्रार कंपनीच्या नावाने लिहा, आणि खोके उतरवताना जो लोडर दिसला त्याचे वर्णन तिच्यात घालू नका.